शेजाऱ्याचं वाक्य: परळचे पाच दिवस

आमच्या इचलकरंजीत मुंबईबद्दल दोन मतं आहेत. एक, तिथं माणूस हरवतो. दुसरं, तिथं एकेकाळी गिरण्या होत्या आणि कामगारांना ताठ मान होती. दुसऱ्या मताची पत्रकं मी लहानपणी घड्या घालून वाटली आहेत. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत, आई महिलांच्या. घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं पोत्यानं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळं माझ्या वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आपोआप येतं. या प्रवासात मात्र जागोजाग प्रश्नचिन्हं आली, आणि परत येऊन इतके दिवस झाले तरी ती गेलेली नाहीत. तरीही लिहिते. तुमच्यापैकी बरेच जण तिकडं गेलेले नाहीत, आणि जे जातात ते राणीची बाग बघून परत येतात.

मी गेले होते शिकवायला. आमचं छोटं मंडळ गेली काही वर्षं आसपासच्या कॉलेजांत मराठीच्या शिक्षकांना संगणकावर लेखनाचा वर्ग कसा घ्यायचा ते शिकवतं. परळच्या एका कॉलेजला ते कुठूनतरी कळलं. पाच दिवसांचं शिबिर ठरलं. मंडळातल्या बाकीच्यांच्या परीक्षा होत्या, म्हणून मी एकटीच निघाले. पिशवीत माझ्याच हातचं पत्रक होतं. मथळा असा: ‘प्रत्येकासमोर स्वतःचं यंत्र! प्रत्येकाच्या तोंडी स्वतःचं वाक्य!’

गिरगाव

बसचा प्रवास सांगत नाही. रात्रभर पाय दुमडून बसणं सगळीकडं सारखंच.

उतरले शालनमावशींकडे. या आईच्या जुन्या मैत्रीण, महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. गिरगावातल्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मूळच्या देवगडकडच्या. दारातच म्हणाल्या, “काय गो, कितकी सुकलंस! आवस जेवक घालता मां?”

मी म्हटलं, “आई घालते की जेवायला.”

“मगे ता खंय जाता?”

खाल्लेलं जातं कुठं, हा प्रश्न आईचाही आहे. आंघोळीला गेले तर नळाला पाणी. मावशी म्हणाल्या, रोज सकाळी येतं. रोज! आमच्याकडं पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी गल्लीत सण असतो. मी बादल्या, पातेली, तांब्या, सगळं भरून ठेवलं. मावशींनी ते बघितलं आणि पातेल्यातलं पाणी ओतून त्यात डाळ शिजत घातली.

जिन्यात भेटलेल्या प्रत्येकानं विचारलं, “कोणाकडे?” आमच्याकडं विचारतात, “कुणाची?” मी दोन दिवस चुकून बापाचं नाव सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी जिन्यातले काका म्हणाले, “अगं, ते कोणत्या खोलीत राहतात?”

परळ, पहिला दिवस

कॉलेज एका जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत आहे. गिरणी आता नाही. तिथं काचेची इमारत उभी आहे आणि तिच्या फाटकावर गिरणीचं जुनं नाव इंग्रजीत, सोनेरी अक्षरांत. मी फाटकासमोर थांबले, मुठी वळल्या. पहारेकरी जवळ आला. “मॅडम, डिलिव्हरी है तो पीछे का गेट.”

लॅबला कुलूप होतं. चावी शिपायाकडे, शिपाई गावी. डझनभर शिक्षक बाहेर उभे. त्यांतले सर्वांत वयस्कर, मराठी विभागाचे प्रमुख सावंत सर, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, “अरे, क्रांती आलीय आणि दाराला कुलूप! कुणीतरी चावी आणा रे!”

माझं नाव क्रांती. हा विनोद मी शाळेपासून ऐकत आले आहे, पण इतक्या वेळेवर कुणी केला नव्हता.

चावी आली. मी माझं नेहमीचं सुरू केलं. लेखनाच्या वर्गात संगणक कशासाठी? शुद्धलेखन तपासण्यासाठी ठेवायचा असेल तर तो न ठेवलेला बरा. संगणकावर वाक्य हलवता येतं. शेवटचा परिच्छेद वर नेऊन बघता येतो. पहिला खर्डा आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवून मुलाला विचारता येतं, हे का बदललंस? कागदावर खोडायचा कंटाळा येतो म्हणून मुलं पहिलंच वाक्य खरं मानतात. यंत्र तो कंटाळा घालवतं.

शिक्षकांनी माना हलवल्या. मग सावंत सरांनी पेनड्राइव्ह काढला. त्यांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्यात, जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या. नव्या मशीनवर उघडल्या तर पडद्यावर नुसते कंस, टिंबं आणि परदेशी अक्षरं.

“हे काय?”

“सर, जुना फाँट या मशीनवर नाही.”

“म्हणजे माझी सगळी नोकरी अशी दिसते?” सगळे हसले. सर हसले नाहीत. मग त्यांनीच त्यातली एक ओळ मोठ्यानं ‘वाचून’ दाखवली, तोंड वेडंवाकडं करत, आणि म्हणाले, “मुलांना तसंही असंच ऐकू जायचं.”

दुपारी डबे उघडले. तिथं आपला डबा कुणी एकट्यानं खात नाही. सगळी झाकणं टेबलाच्या मध्ये येतात आणि हात फिरतात. सोमवार असल्यानं मासे नव्हते. काळ्या वाटाण्याची आमटी होती, कुणाची तरी शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. मी आणलेला ठेचा सावंत सरांनी बोटावर घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, “बाय, हा तुमच्या संघटनेचा वाटतं.”

एकच बाई जरा लांब बसून वह्या तपासत जेवत होत्या. उज्ज्वला जाधव मॅडम. वय चाळिशीच्या आतबाहेर. सकाळपासून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “हे सगळं प्रत्येकानं आपापलं करायचं. मग वर्ग कशाला?”

नायगाव, दुसरा दिवस

उज्ज्वला मॅडम सायंकाळच्या तुकडीला लेखन शिकवतात. ही दिवसा काम करणाऱ्या मुलांची तुकडी: कुरियरवाले, दुकानात उभे राहणारे, रुग्णालयात मदतनीस. मी वर्ग बघायला येऊ का विचारलं. म्हणाल्या, “ये. पण मध्ये बोलायचं नाही.”

मुलं घामेजलेली आली, अर्धा तास लिहीत बसली. कागदावर. मग मॅडम म्हणाल्या, “फिरवा.” प्रत्येकानं आपला कागद शेजाऱ्याला दिला. शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचणार, लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. वाचणारा अडखळला की लिहिणाऱ्यानं तिथं खूण करायची. समजावून सांगणं नाही, ‘मला असं म्हणायचं होतं’ नाही. शेजाऱ्याची जीभ अडली म्हणजे वाक्य अडलं.

मी शिबिरांत खूप युक्त्या बघितल्या आहेत. ही नव्हती बघितली.

वर्ग सुटल्यावर आम्ही नायगावच्या दिशेनं चालत निघालो. विचारलं, हे कुठं शिकलात? “शिकले कुठं? चाळीत. जयंतीला आम्हा पोरांची भाषणं असायची. लिहून द्यायचा आमच्या मजल्यावरचा एक दादा, पण त्याला गर्दीसमोर बोलता यायचं नाही. मग भाषण एकाचं, तोंड दुसऱ्याचं. आम्ही अडखळलो की दादा खालून हातवारे करायचा, रात्री वाक्य बदलायचा.” त्यांची चाळ आता पाडलेली आहे. जागेवर पत्रे, आत खोदकाम. त्यांचं घर तात्पुरत्या इमारतीत, नव्या घराची चावी मिळायची वाट बघत. पत्र्यांपाशी त्या थांबल्या नाहीत. मीच थांबले.

त्या पुढं चालत बोलल्या. “तुला माहितेय ना, शुक्रवारी काय आहे?”

मला माहीत नव्हतं. कॉलेजनं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. मुलानं आपल्या नावानं आत जायचं, निबंध लिहायचा. सॉफ्टवेअर गुण देतं, शेरे देतं. प्राचार्यांच्या मनात होतं की सायंकाळची तुकडी त्यावर बसवावी आणि देखरेखीला सावंत सरांना ठेवावं. उज्ज्वला मॅडम तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितकंच काम, दरवर्षी नव्यानं नेमणूक. त्यांच्याकडे ही एकच तुकडी उरली होती. या आठवड्यात त्यांनी लॅबमध्ये एक पाठ घ्यायचा, शुक्रवारी प्राचार्य त्याचा अहवाल बघणार, आणि मग ठरवणार की या वर्गाला शिक्षक लागतो की नाही.

“आणि शिबिर?”

“तू आम्हाला त्या मशीनवर बसायला शिकवायला आलीस, असं आम्हाला सांगितलंय.”

मी रस्त्यातच ठिणगी टाकली. बहिष्कार घाला! सगळ्या शिक्षकांनी मिळून लिहून द्या! मी उद्याच्या उद्या शिबिर बंद करते!

“आणि मग?” त्यांनी विचारलं.

“मग काय?”

“गुरुवारी माझा वर्ग कुठं भरेल?”

कोपऱ्यावर त्यांनी मला भजी खायला घातली.

लॅब, तिसरा दिवस

मी बंद-बिंद काही केलं नाही. मॅडमना मी लॅबमध्ये पाठ घ्यायला मदत केली. विषय त्यांनी दिला, ‘माझा रोजचा रस्ता’. प्रत्येकासमोर स्वतःचं यंत्र, त्यात ते नवं सॉफ्टवेअर, अगदी माझ्या पत्रकासारखं. खोलीत फक्त कळांचा आवाज. मला ते चित्र आवडलं.

मग मॅडम म्हणाल्या, “फिरवा.”

मुलं गोंधळली. संगणक कसा फिरवणार? रूपेश नावाचा कुरियरचं काम करणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, आपणच फिरतो ना.” सगळे उठून शेजारच्या खुर्चीवर बसले आणि एकेक जण समोरच्या पडद्यावरचं मोठ्यानं वाचू लागला.

आणि इथं ती गोष्ट झाली. कागदावर शेजाऱ्याचं अक्षर असतं. त्यावर कुणी पेन चालवत नाही, तो त्याच्या वहीत हात घालण्यासारखा प्रकार. पडद्यावर सगळ्यांचं अक्षर एकच. वाचताना जीभ अडली की मुलांचे हात आपोआप कळांवर जायला लागले. एक शब्द काढला. एक घातला. दुसऱ्याचं चांगलं वाक्य दिसलं ते लक्षात ठेवलं, आपल्या जागी परत आल्यावर स्वतःच्या निबंधात बसवलं. कुणी लपवत नव्हतं. उलट ओरडून सांगत होते. “ए रूपेश, तुझं पुलाचं मी घेतलं हां!” “घे ना, बिनधास्त!”

पुलाचं वाक्य असं होतं: ‘करी रोडचा पूल चढताना एका बाजूला टॉवर दिसतो आणि एका बाजूला आमची खिडकी. टॉवरमधून आमची खिडकी दिसते का, हे विचारायला तिथलं कुणी अजून भेटलं नाही.’

मी टाळ्या वाजवून थांबवायचा प्रयत्न केला. “अरे, हे प्रत्येकाचं वेगळं ठेवा! आपलं वाक्य आपलं असतं!”

प्रणाली नावाची मुलगी, परळला कपड्यांच्या दुकानात काम करते, माझ्याकडं बघून म्हणाली, “मॅडम, सही झालंय ना? मग टेन्शन काय?”

मी उज्ज्वला मॅडमकडं बघितलं. थांबवावं की नाही, त्यांनाही कळलं नसावं.

सॉफ्टवेअरला मात्र लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल आला तो लाल. जवळजवळ प्रत्येक नावापुढं एकच शेरा: नक्कल.

लालबाग, चौथा दिवस

शिबिराचा दिवस संपल्यावर मी चालत सुटले. लालबागला मसाल्याच्या दुकानांशी पोचले तेव्हा शिंकांनी बेजार. मिरची निवडणाऱ्या बाया हसल्या. आमच्याकडं चटणी घरी कुटतात, गल्लीभर खोकला. इथं लोक रांग लावून स्वतःच्या घरचं माप सांगून दळून घेतात. एक बाई दळणाऱ्याला दरडावत होती, “माझ्या सासूचं माप आहे, त्यात तुझी अक्कल घालू नकोस.” मी दगडफूल हुंगत उभी राहिले आणि विचार करत बसले. ही नक्कल होती का?

पत्रकांची गोष्ट सांगते. बाबांची पत्रकं बिननावाची. खाली फक्त ‘आम्ही’. त्यातली निम्मी वाक्यं दुसऱ्या गावच्या पत्रकांतून उचललेली, आमची वाक्यं तिकडं गेलेली. त्याला आम्ही चळवळ म्हणतो. आणि मागं एका पुढाऱ्यानं माझं एक वाक्य भाषणात वापरलं तेव्हा मी त्याच्या सभेत उभी राहून भांडले होते. तेव्हा मी बरोबर होते. बाबाही बरोबर होते. मग ही मुलं कोणत्या बाजूला? जितकं डोकं चालवलं तितकं ते गरगरलं.

सावंत सरांचं घर तिथंच आहे. त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. सोमवार सरलेला, गुरुवार ते पाळत नाहीत, म्हणून बांगड्याचं तिखलं होतं, आणि वहिनींनी काटे कसे काढायचे ते शिकवलं. मला नीट जमलं नाही. घशात काटा अडकला, सुका भात गिळवला, केळं गिळवलं, सगळ्या मजल्याच्या सूचना आल्या, शेवटी काटा गेला.

जेवणानंतर मी सरांना विचारलं, “तुम्हाला तो वर्ग हवाय का?”

“मला? बाय, मला निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत. पोरं मशीनकडे बघतायत आणि मी पोरांकडे बघतोय, हे काम मला नको.”

“मग प्राचार्यांना सांगा ना तसं!”

“सांगितलं. ते म्हणाले, नक्कल झाली आहे. मी म्हटलं, माझा बाप जेवायचा त्या खानावळीत एकजण सगळ्यांची गावाला जाणारी पत्रं लिहायचा. माझ्या बापाचंही तोच लिहायचा. माझ्या आईला ते पत्र बापाचंच वाटायचं. आता त्याला नक्कल म्हणणार काय?”

“आणि प्राचार्य?”

“म्हणाले, सावंत, तुमच्या वडिलांना गुण द्यायचे नव्हते.”

मला सरांचं पटलं. आणि लगेच उज्ज्वला मॅडम आठवल्या. परवा चालताना त्या म्हणाल्या होत्या, “आमच्या घरात आजीनं अंगठा दिला, आईनं सही केली, मी निबंध लिहिला. माझ्या वर्गातल्या मुलांनी दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये, एवढंच मला वाटतं.” मलाही तेच वाटत होतं. एका संध्याकाळी दोन्ही कसं पटू शकतं?

परळ, शेवटचा दिवस

मुलं कामावरून येतात म्हणून बैठक संध्याकाळी ठेवली होती. प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं: प्राचार्य, सावंत सर, उज्ज्वला मॅडम आणि मी. प्राचार्य वाईट माणूस नाहीत. हे लिहायला मला जड जातं, कारण वाईट असते तर सोपं होतं. त्यांनी आधी मला चहा विचारला, मग लाल अहवाल पुढं सरकवला. “जाधव मॅडम, तुम्ही मेहनत घेता. पण पूर्ण तुकडी कॉपी करते. मी वरती काय सांगू?”

मॅडमनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी उघडलं.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. गिरण्या आल्या. टॉवर आले. यंत्राला माणसाचं वाक्य कळत नाही, हे आलं. कंत्राटी शिक्षकांचं शोषण आलं. शेवटी मी म्हटलं, “हा अहवाल म्हणजे कष्टकऱ्यांच्या सामूहिक आवाजाचा अपमान आहे!” आणि टेबलावर हात आपटला. चहा अहवालावर सांडला.

प्राचार्य रुमालानं टेबल पुसत म्हणाले, “म्हणजे कॉपी झाली, हे तुम्ही मान्य करता.”

“क्रांती, बस,” उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. मी बसले. “सर, मुलं बाहेर आलीत. त्यांच्याबद्दल चाललंय, त्यांना बोलवा. अहवालातलं कुठलंही वाक्य काढा आणि विचारा.”

प्राचार्यांनी चष्मा लावला. रूपेश आणि प्रणाली आत आले, दोघंही भिंतीला चिकटून. प्राचार्यांनी प्रणालीला पुलाचं वाक्य दाखवलं. “हे तुझं?”

“नाही सर. याचं.”

“मग अहवालात ते तुझ्या नावापुढं कसं?”

“मी करी रोडवरून येतच नाही सर. मी नायगावहून येते. आमच्याकडे पूल नाही. म्हणून पूल काढला. टॉवर होणार आहे, तो ठेवला. पण आमची खिडकी आता नाहीये, चाळ पाडली. म्हणून मग, वाचू?” तिनं ओल्या कागदावरून वाचलं. “‘इथं टॉवर होईल तेव्हा त्यातली एक खिडकी आमची असेल असं म्हणतात. तिथून मी खाली बघीन तेव्हा मला कोण दिसेल, हे अजून ठरलेलं नाही.’”

प्राचार्यांनी तो ओला कागद आपल्याकडं ओढला. मग त्यांनी रूपेशला विचारलं, “तिनं तुझं घेतलं. राग नाही आला?”

“सर, माझ्यात तिनं एक ‘आणि’ काढला. तो निघाल्यावर माझं चांगलं झालं. मग हिशोब काय करायचा?”

“आणि बाकीची वाक्यं? कुणाचं कुठलं, माहीत आहे?”

दोघांना माहीत होतं. प्राचार्यांनी चार-पाच ठिकाणी बोट ठेवलं, दोघांनी न अडखळता नावं सांगितली. हे दुकानात उभा राहतो त्याचं, हे वॉर्डबॉय आहे त्याचं, हे मॅडमनी फळ्यावर लिहिलेलं. सावंत सर हळूच म्हणाले, “मशीनला लाल करायला एक रात्र लागली. यांना नावं सांगायला मिनिटही नाही.”

मला वाटलं, जिंकलो. प्राचार्यांनी पेन उचललं.

“ठीक आहे. वर्ग चालू राहील, मॅडमकडेच. पण लॅबमध्ये, आणि सॉफ्टवेअरवर. प्रत्येकजण आपल्या नावानं लिहील. दुसऱ्याच्या मशीनला कुणी हात लावणार नाही. मला प्रत्येकाचे गुण वेगळे दाखवावे लागतात, मॅडम. तेवढं तरी द्या मला.”

माझा हात पुन्हा टेबलाकडं निघाला होता. उज्ज्वला मॅडम म्हणाल्या, “चालेल.”

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “चालेल? एवढं सगळं पटवून दिल्यावर ‘चालेल’?”

त्या जिन्याशी थांबल्या. पहिल्यांदाच रागावलेल्या दिसल्या. “आणि तू मगाशी काय केलंस?”

“मी तुमच्या बाजूनं बोलले!”

“माझ्या बाजूनं बोललीस, माझ्याआधी बोललीस. आमच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ झाले गं. मला त्या खोलीत माझं तोंड हवं होतं, आणि त्या दोघांचं. तुझ्या भाषणानंतर सरांना एकच ऐकू आलं, कॉपी झाली.”

“पण तुम्ही माघार घेतलीत.”

“घेतली. वर्ग राहिला.” त्यांनी पदर खोचला. “तुला उद्या गावी जायचंय, क्रांती. मला सोमवारी इथं यायचंय.”

त्या लॅबमध्ये गेल्या. मी बाहेरच राहणार होते, पण सावंत सरांनी दार धरून ठेवलं.

मॅडमनी नियम सांगितला. दुसऱ्याच्या यंत्राला हात नाही. मुलांचे चेहरे पडले. कुणीतरी मागून म्हणालं, “मग फिरायचं पण नाही का?” प्रणालीनं विचारलं, “मग वाचायचं कसं, मॅडम?”

“लिहा आधी.”

त्यांनी लिहिलं. पुन्हा नुसता कळांचा आवाज. या वेळी मला तो आवडला नाही, आणि का आवडला नाही तेही कळेना. चार दिवसांपूर्वी मी हेच मागत होते.

मग मॅडम उठल्या. “उठा. खुर्च्या बदला. आणि हाताची घडी.”

एवढी मोठी मुलं, काहींना मिशा, काहींच्या अंगावर कंपनीचे टीशर्ट. बालवाडीतला हुकूम ऐकून हसायला लागली. पण शेजारच्या खुर्चीवर बसून प्रत्येकानं हाताची घडी घातली. रूपेश म्हणाला, “मॅडम, तोंडावर बोट पण?”

“तोंडावर बोट ठेवून वाचशील कसा? मोठ्यानं वाच. खाली ऑफिसात ऐकू गेलं पाहिजे.”

वाचायला सुरुवात प्रणालीनं केली. तिच्यासमोर रूपेशचा पडदा होता; रांगेत शेवटचा म्हणून रूपेश फिरून पहिल्या खुर्चीवर गेला होता. दुसऱ्याच ओळीला तिची जीभ अडली. तिचा उजवा हात घडीतून सुटून कळांकडं निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि तिनं तो पुन्हा काखेत दाबला.

“ए रूपेश,” ती खोलीच्या त्या टोकाला ओरडली, “इथं अडकतंय. ये लवकर.”

रूपेश खुर्ची सरकवून धावत आला, तिच्या खांद्यावरून वाकला, दोन शब्द पुसले, एक घातला. “आता?”

तिनं सुरुवातीपासून वाचलं. या वेळी अडकलं नाही.